सुई टोचली होती का?

३ मार्च, मंगळवार

पाखरांच्या डॉक्टरीणबाईंनी ही डायरी दिली ती गिधाडांचे आकडे लिहायला. आकडे मी कॅलेंडरवर लिहिते, तिथे भरपूर जागा आहे. ही कोरी वही मला माझ्यासाठी हवी. घरात बोलायला माणूस एकच, आणि हल्ली चार वाक्यं बोललं की त्याला धाप लागते. मग माझ्या तोंडाचं मी काय करायचं?

आमचं काम मेलेली जनावरं उचलायचं. कुणाचं ढोर मेलं की फोन येतो, मी गाडा जोडते, पंतोजी ओढतो, आणि कड्याखालच्या माळावर कुंपणाच्या आत ते गिधाडांना घालतो. लोक त्याला गिधाडांची खानावळ म्हणतात. म्हणेनात का! पंतोजी आमचा घोडा. चालताना पोरांना पाढे शिकवल्यासारखी मान हलवतो, म्हणून म्हाताऱ्याने ते नाव ठेवलं. म्हातारा म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी अहोच म्हणते, वहीत कोण बघतंय.

खानावळ त्यानेच काढली. मधली काही वर्षं इथली गिधाडं संपलीच होती. ढोरं पडून सडायची, झऱ्याचं पाणी वास मारायचं, आणि कुत्री एवढी माजली होती की काठीशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती. कारण काय, तर एक सुई. दुखणं थांबवायला जनावरांना जे इंजेक्शन देत, ते अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं बसतात. एका म्हशीत अख्खा थवा मरतो. ते औषध आता जनावरांसाठी बंद आहे, तरी आमचा नियम कडक. दहा दिवसांत कसलीही सुई टोचली असेल तर ते जनावर माळावर जात नाही, खड्ड्यात जातं. दारात उभी राहून मी प्रत्येकाला विचारते, सुई टोचली होती का? खरं बोला. लोक मला घाबरतात. घाबरायलाच हवं.

आज कड्यावर एकोणीस. घरट्यात एक पिल्लू, कोंबडीएवढं झालंय. म्हाताऱ्याची खाट खिडकीशी लावली आहे, तिथून दुर्बिणीतून घरटं दिसतं. रोग मणक्यात पसरलाय. डॉक्टर म्हणाले उन्हाळा निघाला तर निघाला. तो म्हणतो, “पिल्लू उडालेलं बघू दे. मग मी मोकळा.” मी म्हटलं, मोकळे होताय, पण मला कुठे बांधून जाताय ते सांगा. तो हसला. हसताना त्याला पाठीत कळ येते, म्हणून मी विनोद कमी केले आहेत.

८ मार्च, रविवार

पंतोजी बसला. पुढच्या दोन्ही खुरांत दुखणं, पाय टेकवत नाही. गुरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, सत्तावीस वर्षांचा घोडा म्हणजे पणजोबा, आराम द्या. पाखरांना चालणारं एक औषध असतं, ते त्यांच्याकडचं संपलंय. मागवतो म्हणाले, आलं की सांगतो.

पंतोजीचा आडोसा म्हाताऱ्याच्या खिडकीला लागूनच. घोडा दिवसभर कण्हतो आणि म्हातारा ऐकतो. दुपारी मला म्हणाला, “अगं, त्याला काहीतरी दे.” काय देऊ? म्हटलं, तेल देते. मोहरीचं तेल कोमट करून तासभर पाय चोळले. माझेच गुडघे धरले.

१२ मार्च, गुरुवार

पंतोजी उभा राहिला! आज चार पावलं चालला. डॉक्टरला फोन करून सांगितलं, ठेवा तुमचं औषध तुमच्याकडे, माझ्या हाताला गुण आहे. स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हात पुरत नाही एवढंच.

दिवसभर मान खिडकीतून आत घालून म्हाताऱ्यापाशी उभा असतो. दोघं म्हातारे एकमेकांच्या कानात काय कुजबुजतात कोण जाणे. मी आत गेले की गप्प. घोडा गप्पच असतो म्हणा.

म्हाताऱ्याचं मात्र बरं नाही. काल संध्याकाळपासून उशी दातात धरून पडलाय. विचारलं, सुई घेतली का? म्हणाला घेतली. पूर्वी गुरांच्या दवाखान्यात जनावरांना टोचून टोचून त्याचा हात बसलेला, त्यामुळे स्वतःची सुई स्वतःच मांडीत घेतो. मला बघवत नाही, म्हणून मीही आग्रह करत नाही.

१७ मार्च, मंगळवार

म्हाताऱ्याला बघायला दवाखान्यातल्या नर्सताई आल्या होत्या. दुखण्याच्या सुईच्या औषधाची मोठी बाटली देऊन सहा दिवस झाले नाहीत आणि ती तळाला गेली. ताई म्हणाल्या, “अहो, ही दोन आठवडे पुरते. जास्त घेतलं तर पोटाला बाधेल.” त्या गेल्यावर मी म्हाताऱ्यावर तोंडाचा पट्टा सोडला. औषध आहे की ताक? वाट्टेल तेवढं प्यायचं? तो भिंतीकडे बघत म्हणाला, “दुखतं म्हणून घेतो.” मग मलाच रडू आलं. एवढं घेऊनही दुखतंय म्हणजे आतून रोग किती वाढला असेल. नर्सताईंकडून दुसरी बाटली मागून आणली.

पिल्लाला पंख फुटले. कड्याच्या टोकाला उभं राहून फडफडवतं आणि घाबरून मागे जातं.

२२ मार्च, रविवार

वळणावरच्या गोठेवालीची गाय गेली. भाड्याचा ट्रॅक्टर नेला, पंतोजीला आता ओझं नको. विचारलं, सुई टोचली होती का? म्हणाली नाही. पुन्हा विचारलं. ती चिडली, “शपथ घालू का आता?” मी म्हटलं घाल. घातली तिने.

नियमाप्रमाणे यकृताचा तुकडा बाटलीत काढून बर्फात ठेवला. डॉक्टरीणबाई त्या बाटल्या तपासायला नेतात. मग फाटक उघडलं. आधी दोन उतरली, मग सगळी. पंख फाकून भांडतात, एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, लाजलज्जा नाही. पाऊण तासात हाडं स्वच्छ. माशी बसायला काही उरलं नाही. पाहुण्यांना हे बघून किळस येते. मला समाधान वाटतं, घासलेली भांडी पालथी घातल्यावर वाटतं तसं.

२३ मार्च, सोमवार

म्हाताऱ्याला दवाखान्यात आणलंय. सकाळी कळ एवढी आली की डोळे पांढरे केले. इथल्या डॉक्टरांनी सुई दिली आणि अर्ध्या तासात तो शांत झोपला. डॉक्टर म्हणाले, “घरी हेच औषध देत होतात ना? मग एवढं दुखायला नको होतं.” मी म्हटलं, साहेब, बाटल्या रिकाम्या होतायत, मी डोळ्यांनी बघते. त्यांनी खांदे उडवले. डॉक्टरांनाही सगळं कुठे कळतं.

२४ मार्च, मंगळवार

पंतोजी गेला.

मी चारा घालायला घरी आले तर आडवा. मला बघून मान उचलायला गेला. तासभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. एकोणीस वर्षं या घोड्याने मढी ओढली आणि एकदाही नाक मुरडलं नाही. माणसांनी मुरडलं. माझ्या सख्ख्या बहिणीने माझ्या घरी पाणी प्यायचं सोडलं. मी त्याच्या कानात खूप काही बोलले, ते इथे लिहीत नाही.

म्हातारा नेहमी सांगायचा, पंतोजीला खड्डा नको, ज्यांना जेवू घातलं त्यांच्यातच जाऊ दे. ट्रॅक्टर बोलावला. तुकडा बाटलीत काढला. कागदावर रकाना असतो, सुई टोचली होती का. मी ‘नाही’ लिहिलं. माझ्याच दारातलं जनावर, कुणाला विचारायचं? फाटक उघडलं आणि पाठ फिरवली. आज बघवलं नाही.

२६ मार्च, गुरुवार

म्हाताऱ्याला घरी आणलं. पंतोजीचं त्याला दवाखान्यात सांगितलं नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या त्याने खिडकीबाहेर हात काढून हाक मारली. मग सांगावंच लागलं. “खड्डा केलास?” म्हणाला. म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं ना, माळावर नेला. सगळी आली होती.

त्याने हात आत घेतला. मग म्हणाला, “अगं, माणसाच्या औषधाने पाखरांना काही होत असेल का?” मला हसू आलं. म्हटलं, तुमचा स्वतःचा तिकडे जायचा बेत आहे की काय? मी पाठवायची नाही. तो हसला नाही. “माणसाचं वेगळं असतं,” असं स्वतःशीच दोनदा म्हणाला आणि डोळे मिटले. घोड्याचं फारच लावून घेतलंय.

२९ मार्च, रविवार

तीन गिधाडं कड्यावर मान खाली टाकून बसली आहेत. झोपेला आल्यासारखी मान हळूहळू खाली जाते, दचकून वर येते, पुन्हा जाते. मला हे माहीत आहे. म्हाताऱ्याने मला वीस वर्षांपूर्वी हेच दाखवलं होतं.

दुपारी एक कड्यावरून खाली पडलं. मी पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरीणबाईंना फोन केला.

३१ मार्च, मंगळवार

आठ गेली. डॉक्टरीणबाईंनी एक फाडून दाखवलं, आतल्या सगळ्या अवयवांवर चुना मारल्यासारखं पांढरं. “तेच औषध,” म्हणाल्या. दोन्ही बाटल्या, गाईची आणि पंतोजीची, तपासायला नेल्या. मी म्हटलं घोड्याची कशाला नेता? त्या म्हणाल्या, नियम आहे.

आठात पिल्लाच्या जोडीतलं एक आहे. राहिलेलं एकटं पिल्लाला भरवायला जातं, पण तेवढा वेळ पिल्लू उघड्यावर. म्हाताऱ्याने दुर्बीण मागितली नाही. जेवलाही नाही.

१ एप्रिल, बुधवार

गोठेवालीच्या दारात जाऊन तिची खरडपट्टी काढली. चारचौघांत. खोटारडी म्हटलं, हत्यारीण म्हटलं, तुझ्या दुधाला कुणी हात लावू नये असंही म्हटलं. तिने आधी ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझ्याच गाईवर का येतेस? तुझा घोडाही तिथेच टाकलास ना?” मी म्हटलं, माझा घोडा माझ्या दारात मेला, माझ्या मांडीवर. तुझ्यासारखी चोरून सुया टोचणारी बाई नाही मी! लोकांनी माझी बाजू घेतली. दोघांनी तिथल्या तिथे तिचं दूध बंद केलं.

घरी येऊन म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. त्याला बरं वाटेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “तिला नको बोलूस.” म्हटलं, का नको? आठ जीव गेले! त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं, म्हणून मी थांबले.

१२ एप्रिल, रविवार

अहवाल आला.

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, खाटेजवळ बसून वाचून दाखवला. गाईत काही नाही. घोड्यात औषध, भरपूर. मी म्हटलं शक्यच नाही, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. बाई म्हाताऱ्याच्या औषधांच्या फळीकडे बघत होत्या. उठल्या, नर्सताईंनी दिलेली बाटली उचलली, बारीक अक्षरं वाचली आणि माझ्या हातात दिली. वरचं नाव वेगळं. आतलं औषध तेच. माणसांना द्यायला त्याला बंदी नाही.

म्हातारा म्हणाला, “मी दिलं.”

मग सगळं सांगितलं. घोडा कण्हायचा, ते त्याला सोसेना. स्वतःची सुई भरायची आणि खिडकीतून आत आलेल्या मानेत टोचायची. घोड्याला जास्त लागतं म्हणून स्वतः घ्यायची बंद केली. जनावरांच्या औषधाचं नाव त्याला पाठ होतं, माणसांच्या बाटलीवर ते नव्हतं. माणसाचं वेगळं असतं असं वाटलं. तरी पंतोजी गेल्यावर, दहा दिवसांत सुई टोचली आहे, हे सांगणारच होता, पण पंतोजी गेला तेव्हा तो दवाखान्यात.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू नको म्हणाली असतीस.”

म्हणालेच असते. हातातून सुई हिसकावून घेतली असती, आणि मग पंतोजी कण्हत मेला असता आणि एकोणीस गिधाडं आज कड्यावर असती. मी तसंच करायला हवं होतं का, हे मला आता सांगता येत नाही.

आणि मीही कुठे विचारलं? साऱ्या मुलखाला विचारत फिरले. घरात विचारलं नाही.

१५ एप्रिल, बुधवार

तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. ताट ठेवायचं, उचलायचं. राग एवढा की भांडी आपटून एका पातेल्याला पोचा आणला. राग त्याचा, औषधाचा, की माझ्याच शहाणपणाचा, तेही कळेना. तेलाने गुण आला म्हणे! डॉक्टरला फोन करून फुशारकी मारली मी.

त्याने रविवारपासून सुई घेतलेली नाही. बाटली जिथल्या तिथे. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आज सकाळी तो कण्हायला लागला, आणि तो आवाज हुबेहूब पंतोजीचा. मी अंगणात कपडे पिळत होते. पिळे तसेच टाकून आत गेले. सुई भरली. तो मान हलवून नको नको म्हणाला. “मला नको ते. मी आठ मारली.”

मी म्हटलं, “तुम्ही त्याला देताना मला विचारलं नव्हतं. मीही विचारत नाही.” आणि टोचली. माझा हात बसलेला नाही, दुखलं असणार. तो माझं मनगट धरून राहिला. थोड्या वेळाने धरलेला हात सैल झाला, तरी मी तिथेच बसून होते. रडलो आम्ही दोघंही, काय लपवायचं.

१७ एप्रिल, शुक्रवार

गोठेवालीकडे गेले. लोक जमतील अशा वेळी मुद्दाम गेले, शिव्या चारचौघांत दिल्या होत्या तर माफीही चारचौघांत. म्हटलं, तुझी गाय स्वच्छ होती. औषध माझ्या घरातून गेलं. ती धारा काढत होती, उठली नाही. म्हणाली, “ऐकलं.” मी उभीच. मग म्हणाली, “दूध अजून चार घरांनी बंद ठेवलंय. त्यांना जाऊन सांग.” गेले, चारही घरी सांगितलं. एका घरी दारही उघडलं नाही, खिडकीतून सांगितलं.

परत येताना तिच्या दारावरूनच आले. तिने बघितलं नाही.

२० एप्रिल, सोमवार

खानावळ बंद करण्याचा हुकूम आला. चौकशी होईपर्यंत एकही जनावर घालायचं नाही, माळ खणून चुना टाकायचा, आणि गिधाडांना तिथे बसू द्यायचं नाही, कुठे तुकडा राहिला असेल तर. कागदावर मीच सही केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मी तुमच्या बाजूने लिहिलंय.” बाईंचेही डोळे सुजलेले होते.

आज पिल्लाला खाली काढलं. एकटं पाखरू त्याला पोसू शकत नव्हतं, वाळून गेलं होतं. दोघेजण दोरावरून उतरले आणि ते खोक्यात घालून आणलं. संगोपन केंद्रात नेणार, जगेल म्हणाले. मोठ्या जाळीत ठेवतात. उडतं का तिथे, असं मी विचारलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, म्हणाले.

मी हट्ट धरून खोकं खाटेजवळ आणायला लावलं. म्हाताऱ्याने झाकण जरा उचललं. पिल्लाने फिस्स केलं आणि त्याच्या बोटाला चोच मारली, रक्त आलं. त्याने हात मागे घेतला नाही. “चांगली ताकद आहे,” म्हणाला. ते घेऊन गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडला. मी बोटाला पट्टी बांधली.

२३ एप्रिल, गुरुवार

खानावळ बंद. गिधाडांना काय हुकूम कळतो? अकराच्या सुमारास कड्यावरून उठली आणि माळावर गोल फिरायला लागली. मी कुंपणापाशी पत्रा आणि काठी घेऊन उभी. इतकी वर्षं फाटक उघडून वाट बघणारी मीच.

पहिलं उतरायला लागलं तेव्हा पत्रा वाजवला. ते बिचकून वर गेलं, पुन्हा उतरायला लागलं. ओळखतात मला. माझ्या आवाजाला येतात. मी आणखी जोरात वाजवला, ओरडले, शिव्या दिल्या. एक कुंपणाच्या खांबावर बसून माझ्याकडे नुसतं बघत राहिलं, हलेचना. शेवटी दगड उचलला. लागला नाही, पण मी मारला. ते गेलं.

मग सगळी वर चढत चढत ठिपके झाली आणि शहराच्या बाजूला वळली. तिकडे कचऱ्याचा डोंगर आहे. मेलेली जनावरं तिथे कोणीही आणून टाकतं.

घरात आले. म्हातारा खिडकीतून सगळं बघत होता.

“किती आली?”

“अकरा.”

“सगळी?”

“सगळी.”

“बसली?”

“नाही बसू दिली.”

“शहराकडे गेली ना?” मी मान हलवली. तो म्हणाला, “तिकडे कोण विचारणार गं?”

मी पत्रा दाराशी टेकवला आणि हात धुतले. उद्या ती परत येतील. उद्याही मला पत्रा वाजवायचा आहे.